पिंजऱ्यातला चहा

आज पहाटेपासून धुकं असं दाटलंय, की ऊस कुठं संपतो आणि आभाळ कुठं सुरू होतं, ते कळायला मार्ग नाही. दवानं माझे गज निथळतायत. पाण्याच्या टाकीवरचा कावळासुद्धा पंख फुगवून गप्प बसलाय.

मी पिंजरा बोलतोय. पोपटाचा नव्हे, बिबट्याचा. मंचरच्या एका वर्कशॉपात माझं वेल्डिंग झालं आणि गावोगाव फिरत मी इथं पिंपळवंडीत, बाजीरावांच्या उसाच्या कडेला येऊन बसलो. घराचं अंगण इथून हाकेवर. आज मला न्यायला ट्रॅक्टर येणार आहे. तोवर घटकाभर बसा.

माझी रचना साधी. मागच्या कप्प्यात कोंबडी, मधे जाळी. कोंबडीच्या वासानं जनावर आत शिरतं, तळाच्या पाटीवर पाय पडतो, की त्याच्या पाठीमागं दार धाडकन खाली.

मी इथं आलो तो मोत्यामुळं. मोत्या बाजीरावांचा कुत्रा. दिवेलागणीला दोघं बांधावरून घरी येत होते. ऊस सळसळला, मोत्या भुंकत पुढं झाला, आणि बिबट्यानं त्याला डोळ्यांदेखत उचललं. त्या दिवसापासून बाजीराव ओट्याची पायरी उतरले नाहीत. धारा काढायच्या बायकोनं, द्रौपदाबाईंनी, उसाला पाणी धरायचं त्यांनीच, तेही सुजलेल्या गुडघ्यानं. मुलगा रवींद्र पुण्याहून फोनवर म्हणाला, "असंच चाललं तर महिनाअखेरीला दादांना फ्लॅटवर नेतो."

"त्यास्नी न्हे बाबा," द्रौपदाबाई म्हणाल्या. "मी गाया सोडून यायची न्हाई."

बाजीराव अर्ध्या ताटावरून उठले. आयुष्यभराचा संसार, तो असा दोन गावांत वाटला जायची वेळ आली होती.

तेवढ्यात नात आली, तेजस्विनी. ती कॉलेजात मानसशास्त्र शिकते. परीक्षेचा अभ्यास अंगणात मोठ्यानं वाचून करायची, आणि वाचलेलं आजोबांवर करून बघायची. मला बसल्या जागी शिक्षण मिळालं.

पुस्तकातून पहिल्यांदा वुंटसाहेब आले. जर्मनीत लायपझिग गावी त्यांनी मनाची पहिली प्रयोगशाळा काढली म्हणे. "आबा, डोळे मिटा. आत काय वाटतंय, ते नीट न्याहाळून सांगा." आबांनी डोळे मिटले. न्याहाळता न्याहाळता घोरायला लागले.

मग व्हिएन्नाचे फ्रॉइड डॉक्टर. त्यांचं म्हणणं, भीतीचं मूळ मनाच्या तळघरात असतं, लहानपणी तिथं जाऊन बसलेलं, आणि घरमालकालाच त्याचा पत्ता नसतो.

"आबा, लहानपणी कशाला भ्यायचात?"

"बापाच्या पायताणाला."

"आन् लग्नानंतर माझ्या!" गोठ्यातून आवाज आला.

अमेरिकेतला वॉटसन तर म्हणे तळघरच मानत नव्हता. दिसेल ते वागणं खरं, भीतीसुद्धा शिकलेली, असं त्याचं मत. त्याच वाटेनं पुढं गेले ते स्किनर. त्यांची एक पेटी होती. उंदरानं दांडी दाबली की दाणा पडायचा, मग उंदीर दांडी दाबतच राहायचा. ऐकून मला जरा हेवाच वाटला. माझ्यात येणाऱ्याला कोंबडी नुसती दिसते, मिळत नाही. दुसऱ्यांदा कोण येणार हो?

तर आबा पायरी उतरले की शेंगदाण्याचा लाडू, असं ठरलं. आबांनी एक पाय खाली टेकवला, लाडू घेतला, पाय वर. पुन्हा पाय, पुन्हा लाडू. डबा रिकामा झाला. आबा होते तिथंच. लाडू द्यायला मात्र नात चांगली शिकली.

पुढच्या धड्यातल्या वेर्थहायमरसाहेबांचं मला पटलं. माणूस सुट्टे तुकडे बघत नाही, सगळं मिळून एक चित्र बघतो. बाजीराव नुसत्या बिबट्याला कुठं भीत होते? दिवेलागण, उसाची सळसळ आणि ओट्याला बांधलेली मोत्याची रिकामी साखळी, असं सगळं मिळून ते जनावर झालं होतं.

मग एक दिवस पोरीनं पुस्तक मिटलं. रॉजर्स नावाचे एक भले गृहस्थ होते, ते म्हणायचे, शिकवू नका, मन लावून ऐका. ती आबांशेजारी नुसती बसली.

"त्यो भुकला नसता," आबा साखळीकडं बघत म्हणाले, "तर त्याच्या जागी मी व्हतो."

ती आणखी जवळ सरकली. त्यांचा हात धरून बसली.

दुसऱ्या दिवशी तिनं मेरी कव्हर जोन्स नावाच्या बाईंची गोष्ट वाचली. सशाला भिणाऱ्या एका मुलाला त्या खाऊ द्यायच्या आणि ससा लांब ठेवायच्या. मग हळूहळू जवळ आणायच्या.

"आता ससा कुटून आणायचा?" द्रौपदाबाईंनी विचारलं.

पोरगी माझ्याकडं बघत होती.

मग आबांची खुर्ची आणि चहा निघाले. आधी पायरीखाली. तिथं ते अंग चोरेनासे झाले, तेव्हा टाकीपाशी. मग शेवग्याखाली. शेजारचा कुंडलिक बांधावरून ओरडायचा, "काय बाजीराव, खुर्ची पेरलीया का? रोज नव्या जागी उगवतीया!"

आणि एका सकाळी खुर्ची माझ्या दारात आली. बाजीरावांनी बशीत चहा ओतला, तोच ऊस खसपसला. निघालं होतं मांजर. पण बाजीराव बशी टाकून पळाले ते घराकडं नाही, सरळ माझ्या पोटात! पाटीवर पाय पडला. धाडकन!

कोंबडीनं आकांत मांडला. द्रौपदाबाई लंगडत आल्या. कुंडलिक गज धरून म्हणाला, "घावला की वो! वनखात्याला फोन लावू का? नर हाय का मादी, इच्यारतील!"

आतून आधी धाप ऐकू आली, मग हसू. मोत्या गेल्यापासूनचं पहिलं. "आदी च्या आण, राव," बाजीराव म्हणाले. "माजा सांडलाय."

त्यानंतर रोज सकाळी ते दार वर अडकवून माझ्यात बसायचे. बिबट्या बाहेर, माणूस आत. पण उसाकडं तोंड करून बसायचे. आत्ताही बसलेत, चहाचा कप घेऊन.

आता बिबट्याच्या खुणा पिंपरी पेंढारकडं दिसल्या, म्हणून माझी बदली झालीय. जाता जाता एवढंच मागतो. भ्यालेल्या माणसाला हसायचं असेल, तर जरूर हसा, पण त्याच्या शेजारी बसून हसा.

ट्रॅक्टर आला. धुकं विरत होतं. "दादा, उतरा आता," वनखात्याचा माणूस म्हणाला. बाजीरावांनी कप नातीच्या हातात दिला, खाली उतरले आणि मला ट्रॉलीत चढवायला सगळ्यांबरोबर खांदा लावला.

मी हललो. माझ्या जागी पिवळं पडलेलं गवत उरलं, त्यात बाजीराव उभे. ऊस सळसळला. द्रौपदाबाई बादली घेऊन निघाल्या होत्या, त्या थबकल्या. बाजीरावांनी काठी जमिनीवर आपटली, मोठ्यानं खाकरले आणि म्हणाले, "द्रौपदे, बादली दे. धारंची येळ झाली."

ते उसाच्या कडेनं गोठ्याकडं चालू लागले. ट्रॉली वळता वळता बांधावरच्या कुंडलिकाचा आवाज मला ऐकू आला, "आवं बाजीराव, पिंजरा गेला की! आन् तुमी बाहेरच ऱ्हायला?"