दोन मोज्यांची जागा

युद्ध सुरू झाल्यावर जोड्यांच्या त्या कारखान्यात सरकारने एक अधिकारी आणून बसवला. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक मालाला त्याची मान्यता लागे. आणि माल जाणूनबुजून शत्रूला पोचवला असे सिद्ध झाल्यास शिक्षा एकच होती, फाशी. अधिकाऱ्याला चहा वेळेवर द्यावा लागे, त्याची मर्जी सांभाळावी लागे, आणि ‘आता निघा’ म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. म्हणून कामगारांनी त्याचे नाव ‘जावईबापू’ ठेवले. या नावाला सगळे हसत. कारखान्याचा मालक तेवढा हसत नसे.

तो व्यवहार पाही आणि त्याचा धाकटा भाऊ जोडे घडवी. समुद्रापलीकडच्या एका तटस्थ देशातल्या व्यापाऱ्याने पुरुषी मापाचे बूट मागवले होते: जाड तळाचे, आणि आत दोन लोकरी मोजे मावतील एवढी जागा ठेवलेले. त्या देशात बर्फ पडत नाही, हे थोरल्याला ठाऊक होते. तिथल्या बंदरातून निघणारी आगगाडी कोणाच्या गोठलेल्या मुलखात जाऊन थांबते, हेही ठाऊक होते. तरी त्याने होकार दिला, कारण बाकीच्या बाजारपेठा युद्धाने बंद पाडल्या होत्या आणि नकार देणे म्हणजे कारखान्याला कुलूप लावणे होते. धाकट्याला मात्र त्याने फक्त माप सांगितले, माल कुठे जाणार ते सांगितले नाही. धाकट्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. पण जे ठाऊकच नाही ते तो बोलणार कसे, असा थोरल्याचा युक्तिवाद होता.

माल खोक्यांत भरण्याच्या दिवशी अधिकाऱ्याने एक बूट उचलला, आत मनगटापर्यंत हात घातला आणि बोटे हलवून पाहिली.

“शेठ, हा बूट ढगळ आहे.”

थोरल्याने घाईने मान डोलावली. “असेल, साहेब. घाईत शिवलाय.”

“असला गबाळा माल बाहेर धाडायचा? हसं होईल आपलं.”

“खरंय. चूकच झाली.” अपमानाइतका सुरक्षित आडोसा त्याला त्या क्षणी दुसरा दिसत नव्हता.

“चूक?” दारातून आवाज आला. धाकटा उभा होता, दोन्ही हात सरसाने माखलेले. “कोणाची चूक, दादा?”

“तू आत जा. सरस वाळतोय.”

“वाळू दे! अहो जावई... साहेब, आधी हात बाहेर काढा. बूट काय हातात घालतात?”

“अरे, गप्प बस!”

“का गप्प बसू? गबाळा म्हणे! दोन जाड मोजे चढवा, मग पाय घाला, बघा कसा बसतो ते. असलं माप बर्फात पहारा करणाऱ्याचंच असतं, घट्ट बूट दिलात तर बोटं झडतील त्याची!”

अधिकाऱ्याने बूट टेबलावर अगदी अलगद ठेवला. शेजारच्या खोक्यावर रंगवलेले बंदराचे नाव त्याने वाचले, पुन्हा वाचले.

“तिथं बर्फ पडतो?”

“मला काय विचारता? दादाला विचारा,” धाकटा तणतणला. “माल कुठं जातो ते तो मला सांगतो थोडाच! मी आपला गाढवासारखा राबतोय.”

थोरल्याने टेबलाची कड धरली. भावाच्या त्या एका तक्रारीने भाऊ सुटत होता आणि तो स्वतः अडकत होता. ‘त्यालाही माहीत होतं’ एवढे म्हटले तर फास दोघांत वाटला जाईल, हा विचार त्याच्या मनात येऊन गेला, आणि त्या विचाराचीच त्याला अधिक भीती वाटली.

“खरं आहे, शेठ?” अधिकाऱ्याने विचारले.

“खरं आहे. त्याला काहीच सांगितलेलं नाही. सगळं मीच ठरवलं.”

अधिकाऱ्याने टेलिफोन जवळ ओढला.

“दादा, असा पांढराफटक का पडलायस?” धाकटा आता गोंधळला होता. “खरंच सांगतो, मापात माझी चूक नाही.”

“नाही रे,” थोरला म्हणाला. “जा, हात धुऊन घे.”