खंडेनवमीची डिस्क

किल्ली देणार नाही म्हटलं म्हणजे देणार नाही. ग्वाल्हेरच्या कंपू भागातलं आमचं छोटं कृत्रिम पायांचं केंद्र मोठ्या रुग्णालयात विलीन होतंय, होऊ दे. नवे प्रशासक आले, त्यांनी टेबलं हलवली, पाट्या बदलल्या, मी अवाक्षर काढलं नाही. पण मी सांभाळते त्या नोंदींच्या खोलीतला कॉम्प्युटर आजच पुसून दुसऱ्या विभागाला द्या, असं त्यांनी फर्मावलं तेव्हा माझं डोकं फिरलं.

त्या कॉम्प्युटरमध्ये आमच्या माणसांचे पाय आहेत. म्हणजे कापलेल्या पायाची मापं, फोटो, साच्याचं स्कॅन. जुना पाय झिजला की भिंडहून, श्योपूरहून फोन येतो आणि आमचे कारागीर माधवराव त्या मापांवरून नवा करून बसने पाठवतात. रामदुलारीचाही करायचा होता. दिवाळीनंतर तिचं दुसरं ऑपरेशन झालं, जुना पाय बसेना, म्हणून नवी मापं घेतली. तेवढ्यात विलीनीकरणाच्या धांदलीत कारखाना बंद पडला. श्योपूरकडच्या खेड्यात खाटेवर बसून ती रोज फोन करते, "दीदी, मेरा पाँव कब आएगा?" आणि मी रोज थाप मारते.

रुग्णालयाचं कॉम्प्युटरचं काम बघणारा श्रीपाद दौलतगंजातला. त्याने बाहेरून जोडलेल्या डिस्कवरचा बॅकअप मला दाखवला. पडद्यावर हिरवी टिक होती. "ताई, सगळं सेफ आहे. टिक दिसतेय ना, फिर क्या दिक्कत है?"

मी म्हटलं, मला टिक नको, त्या डिस्कमधून रामदुलारीची फाइल काढून दाखव. तो हसला. प्रशासकही हसले. मग तो शोधायला लागला आणि त्याचं हसू मावळलं. फाइल नव्हतीच. टिकेखाली बारीक अक्षरांत शेवटच्या बॅकअपची तारीख होती, ती खंडेनवमीच्या आदल्या दिवसाची. इकडे संक्रांत तोंडावर आली होती.

माधवरावांचा चेहरा उतरला. त्यांचे पणजोबा संस्थानाच्या घोडदळात होते. घरातल्या तलवारी केव्हाच गेल्या, पण खंडेनवमीला हत्यारं पुजायची रीत राहिली. आमच्याकडे हत्यारं म्हणजे करवती, कानशी, ड्रिल. यंदा त्यांनी कौतुकाने ती डिस्कही काढून पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि दसऱ्याला परत जोडली, पण दुसऱ्या खाचेत. कॉम्प्युटरने तिला नवीन नाव दिलं. बॅकअप बिचारा जुन्याच पत्त्यावर जाऊन हात हलवत परत येत राहिला.

"शालिनीताई, माझ्या हातून घात झाला," ते म्हणाले. मी त्यांना सांगितलं की पूजेत काही चुकलं नाही. नंतर एकदाही कुणी उघडून पाहिलं नाही, ते चुकलं.

श्रीपादने ताज्या फाइली कॉम्प्युटरमधून थेट उतरवायला घेतल्या. त्या अर्ध्यातच अडकल्या आणि आतून टकटक आवाज यायला लागला. त्याने आतल्या डिस्कची तब्येत तपासणारा प्रोग्राम लावला. खराब जागा वाढत चालल्या होत्या, डिस्क कधीही बसेल असं तो म्हणाला.

प्रशासकांनी घड्याळ पाहिलं. आता जाऊ द्या, जुने पेशंट येतील नव्या केंद्रात, पुन्हा मापं घेऊ, असं म्हणून त्यांनी खोलीच्या किल्लीसाठी हात पुढे केला.

श्योपूरहून ग्वाल्हेर, खचाखच भरलेली बस, कुबड्या, बरोबर येणाऱ्याची मजुरी बुडालेली. कशासाठी, तर आमचा आळस झाकायला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"साहेब," मी म्हटलं, "रामदुलारीला चालत येता आलं असतं तर आपल्याला पाय करायलाच लागला नसता."

माझ्यावर कारवाई होईल, असं त्यांनी बजावलं. मी म्हटलं, करा, शालिनी जगदाळे, नाव नीट लिहा. ते त्यांच्या वरच्या साहेबांना फोन लावायला बाहेर गेले, तसं मी दार आतून लावून घेतलं. मरायला टेकलेल्या डिस्कला राबवू नये, एवढं मलाही कळतं. श्रीपादला मशीन बंद करायला लावलं.

त्याला नोकरीची धास्ती होती, ते चेहऱ्यावर दिसत होतं. तरी त्याने आतली डिस्क काढून, हव्या त्या फाइली वाचण्यापुरती स्वतःच्या लॅपटॉपला जोडली. आधी दसऱ्यानंतरच्या फाइली, त्यातही रामदुलारी, मी म्हटलं. डिस्क टकटकली, थांबली, पुन्हा फिरली. बाहेरून दार वाजायला लागलं.

"ताई, आली."

"उघड," मी म्हटलं.

त्याने उघडली. मापं जागच्या जागी होती. फोटोत रामदुलारी कुबड्यांवर उभी राहून हसत होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

माधवराव मापं घेऊन खोलीच्या मागच्या दाराने बंद पडलेल्या कारखान्यात गेले आणि त्यांनी करवत सुरू केली. बाकीच्या फाइली एकेक करून उतरत होत्या, किल्ली माझ्या कमरेला होती, दार वाजतच होतं. तेवढ्यात फोन आला. तिचाच, तोच प्रश्न. मी मागचं दार सताड उघडलं आणि फोन करवतीच्या आवाजाच्या दिशेने धरला.

"बन रहा है, रामदुलारी," मी म्हटलं. "ले, सुन."