जावयाचं मनगट

आमच्यात सासूने जावयासमोर येऊ नये. आली तर दोघांचे हात थरथरायला लागतात म्हणे. मी तीस वर्षं कंपालाच्या इस्पितळात व्यायाम देऊन लोकांचे हात चालते केले, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण पाय उंबऱ्याशी अडतात, त्याला काय करू?

माझा जावई सेंपीरा. झाडाची साल मोगरीने ठोकून कापड बनवतो. गेल्या वर्षी साल काढताना झाडावरून पडला. दंडाचं हाड मोडलं, आतली नस तुटली आणि मनगट लोंबायला लागलं. लोंबत्या मनगटाने मूठ आवळत नाही, मग मोगरी कुठली धरतोय! डॉक्टरांनी शक्कल काढली. तळहात पालथा करणारा स्नायू सोडवून मनगट उचलणाऱ्याच्या कंडरेला शिवला. प्लास्टर निघून महिना झाला, तरी मनगट ढिम्म.

मी बोरूच्या कुडाआड बसून माझ्या लेकीला, नालुंगाला, सांगायची. लेकी बोले, जावई लागे.

"मनगट उचलू नको म्हणावं त्याला!"

"अगं आई, उचलायचंच तर आहे ना?"

"उचलणारा कधीच मेला! हा रोज मेलेल्याला हाका मारतोय. पालथं करणाऱ्याला हाक मार म्हणावं, आता तोच उचलेल."

पलीकडून सेंपीरा पुटपुटला, "नालुंगा, आईंना सांग, तो काही ओ देत नाही. मी दुसरं काम बघतो."

आत जाऊन त्याच्या कोपराखाली नुसतं बोट दाबलं असतं, "हा बघ, हा!" म्हटलं असतं, की झालं होतं. उठलेही. नालुंगाने डोळे वटारले, तशी परत बसले. मग डोक्यात आलं.

"काय गं, महिनाभर येतेय मी. पाहुण्याला चघळायला कॉफीच्या बिया द्यायची रीत बुडाली का या घरात?"

"देते ना, थांब."

"तुझ्या नकोत. जावयाच्या हातून हव्यात. उजव्या!"

बिचारा ओशाळला असणार. त्याने डब्यातल्या बिया तळहातावर घेतल्या आणि नालुंगाच्या टोपलीत टाकायला हात पालथा केला. बिया खुळखुळल्या, आणि लेक किंचाळली, "आई गं! उठलं! मनगट उठलं!"

"पुन्हा!" मी ओरडले. "डबा रिकामा होईस्तोवर हलायचं नाही म्हणावं!"

दोन महिन्यांनी मी अंगणात त्याच बिया चघळत बसले होते. मागच्या छपराखालून मोगरीचा आवाज आला. टक्. मग बराच वेळ काहीच नाही. मग टक्, टक्, टक्. हा उजवा हात होता. तेवढं मला कळतं.

नालुंगा धावत आली आणि माझ्याकडे बघून थबकली.

"आई! तुझे हात बघ कसे थरथरतायत! डोकावलीस ना आत?"

"नाही गं बाई," मी म्हटलं. "नुसतं ऐकलं."