‘चाळीस लाखांपासून पुढे’ म्हणजे नक्की किती?

सलग चौथ्या रविवारी बाबा घर बघून आले ते तोंड पाडूनच! जाहिरातीत होतं, ‘चाळीस लाखांपासून पुढे’. मालक म्हणाला, पन्नासच्या खाली बोलूच नका. बाबांची उडी बेचाळीसपर्यंतच, आणि भाड्याचं घर सोडायला उरला होता एक महिना.

“कोण लिहितं गं असल्या जाहिराती?” आई कडाडली.

“मी,” आत्या पुटपुटली. घरांच्या जाहिराती लिहिणं हीच तिची नोकरी होती. “दादा, आधी मला विचारायचंस तरी!”

“तुमच्या ऑफिसची जाहिरात, म्हणून तर डोळे मिटून गेलो!”

“पण ‘पासून पुढे’ लिहिलं की फोन खणखणतात. आणि त्यात खोटं काय आहे?”

खोटं नाही, मग बाबा फसले कसे? नववीतल्या चौकशीबाईंना (घरात लेकीला हेच नाव होतं) राहवेना. तिने त्याच घराच्या दोन चिठ्ठ्या केल्या. एकीवर ‘पन्नास लाख’, दुसरीवर ‘चाळीस लाखांपासून पुढे’. मग बिल्डिंगभर विचारत सुटली, “हे घर कितीला मिळेल?”

पहिली चिठ्ठी वाचणारे म्हणाले एकोणपन्नास, पन्नास. दुसरी वाचणारे एक्केचाळीस, बेचाळीस. पन्नासच्या जवळपासही कोणी फिरकलं नाही! तळमजल्यावरच्या शिंपीकाकांनी तर मशीनच थांबवलं. “बेचाळीसला? थांब, बायकोला फोन लावतो!”

“काका, नको! ते घर पन्नासचं आहे!”

काकांनी फोन खाली ठेवला आणि पुन्हा मशीन चालू केलं.

घरी येऊन तिने सगळं सांगितलं. “आत्या, तुझे फोन खणखणतात ना, ते असे!”

दुसऱ्या दिवशी आत्याने एकेका मालकाला फोन करून विचारलं, “खरं सांगा, कितीला द्याल?” तोच आकडा तिने जाहिरातीत लिहिला. साहेब कुरकुरले. फोन निम्म्यावर आले, पण येणारा प्रत्येक जण घर घेण्याच्या बेताने येऊ लागला.

नव्या यादीत बाबांना परवडणारं एकच घर निघालं. तिसरा मजला, लिफ्ट नाही.

“बेचाळीस म्हणजे बेचाळीसच ना गं?” बाबांनी विचारलं.

“बेचाळीसच, दादा. शप्पथ!”

मंडळी, किंमत वाचता वाचताच माणूस त्या घरात कपाट कुठे ठेवायचं हे ठरवून टाकतो! म्हणून लिहिणाऱ्याने मनातला आकडाच लिहावा. आणि घेणाऱ्याने घर बघायला निघण्याआधी बिनधास्त विचारावं, “शेवटी कितीला देणार?”