कोपऱ्यातला खांब

रघोजीने मोडून पडलेल्या सिमेंटच्या खांबावर चपलेसकट पाय ठेवला आणि तो पुढे-मागे लोळवून दाखवला. खांब जमिनीपासून वीतभर उंचीवर तुटला होता आणि तुटक्या तोंडातून गंजकी सळी बाहेर आली होती.

"राव, यास खांब म्हणतात? आमच्या घरची तळलेली मुरुक्कू याहून कडक असते."

बाळकृष्णराव हसले नाहीत. हसण्यासारखी त्यांची अवस्थाच नव्हती. विम्याच्या कचेरीतून निवृत्त होऊन त्यांनी तंजावुराबाहेर वल्लमच्या माळावर, एका नव्या कोऱ्या नगरात जागा घेतली होती. नगर म्हणजे काय, तर लाल मातीत रोवलेले पांढरे दगड आणि रस्त्याच्या तोंडाशी एक कमान. घर बांधून झाले होते, चालू आडी सरली की आवणी महिन्यात वास्तुशांत करायची होती, आणि परवाच्या वाऱ्यात पश्चिमेचे सगळे कुंपण एका रांगेत झोपले होते.

रघोजीला अशा माणसांची कीव येत नसे. त्याला त्यांचा तिटकारा होता. राजवाड्याजवळच्या गल्लीत पिढ्यान्पिढ्या अंगाला अंग लावून सुखाने राहिलेली माणसे, चार पैसे मोकळे झाले की उठतात आणि माळावर येऊन बसतात. इथे पश्चिमेला पार दिसेनासे होईपर्यंत एक झाड नाही. आडी महिन्याचा वारा सरळ येऊन छातीवर बसतो. जागा हौसेने घ्यायची आणि मग वाऱ्याची तक्रार करायची, याला काय म्हणावे?

पण आज त्याचा खरा तिटकारा रावांवर नव्हता. तो पायाखालच्या खांबावर होता, कारण हा खांब गणेशकुमारने उभा केला होता. आणि गणेशकुमार हा रघोजीचा जावई होता.

अर्थात रघोजी त्याला जावई म्हणत नसे. "तो जाळीवाला" म्हणत असे. रघोजीच्या घरात कुंपण म्हणजे काळ्या दगडाचे खांब आणि काटेरी तार. आजोबांनी तेच केले, बापाने तेच केले. आता बाजार खुला झाला म्हणतात. कोइमतूरहून जाळीच्या गुंडाळ्या लॉरीने येतात, सिमेंटचे काठीसारखे खांब साच्यातून निघतात, आणि काल मिसरूड फुटलेला पोरगा तिरुवैयारात पाटी लावून "फेन्सिंग कॉन्ट्रॅक्टर" होतो. आपल्या पोरीने, लावण्याने, त्याच्यात काय पाहिले, हे रघोजीला लग्न होऊन सहा महिने झाले तरी उमगले नव्हते.

"झाप बांधू नका म्हणून तो पोरगा सांगून गेला होता," मागून राजमबाई म्हणाल्या. त्या रावांच्या पत्नी. वाऱ्याने उडणारा पदर त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. "यांनीच बांधवले. रस्त्यावरचे लोक आत पाहतात म्हणून."

जाळीवर नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधले होते खरे. जाळीतून वारा निघून जातो, झापांवर तो अडतो आणि ढकलत राहतो. रघोजीला हे कळत नव्हते असे नाही. पण ते मान्य केले असते तर निम्मा दोष रावांच्या पदरात गेला असता, आणि त्याला सगळा दोष एकाच पदरात हवा होता.

"झापांचे काय घेऊन बसलात, अम्मा? खांबात दम असला तर झाप बांधा, नाहीतर चादरी वाळत घाला. मी उभा करतो, त्यावर पुन्हा झाप बांधतो. पाहाच तुम्ही."

राजमबाईंची अडचण वेगळीच होती. आडीत नवे काम सुरू करायचे नसते. वास्तूशी संबंध असलेले तर नाहीच.

"मग करायचे काय? आवणीपर्यंत हे असेच उघडे ठेवायचे?" राव म्हणाले.

"नवे करायचे नाही म्हणते मी. दुरुस्ती चालते. जुन्यातला एक खांब जागेवर राहू द्या. मग ती दुरुस्तीच."

रावांना हे पटले. जन्मभर लोकांच्या मरणाचे हिशेब मांडणारा माणूस आडीला भितो, याचे रघोजीला मनातून हसू आले. पण गिऱ्हाइकाची श्रद्धा म्हणजे गिऱ्हाइकाची जमीन, आपण तिच्यात पाय घालू नये, एवढे त्याला धंद्याने शिकवले होते.

उभा राहिलेला खांब एकच होता. उत्तरेच्या कोपऱ्यातला. दोन्ही अंगांना तिरके टेकू दिलेले होते, म्हणून वाचला होता. रघोजीने त्याच्याकडे नीट पाहिलेही नाही.

"राहू द्या," तो म्हणाला. "म्हातारीचा शेवटचा दात. कुणास नडतो?"

दुपारी लावण्या जेवण घेऊन आली. तिची आई जाऊन बरीच वर्षे झाली होती, आणि माहेरी आल्यापासून अप्पाचा डबा तीच पोचवत होती. आडीत नवी नवरी नवऱ्याच्या घरी राहत नाही. बाप तिला घेऊन येतो, आडीच्या अठराव्या दिवशी जावयाला जेवायला बोलावतो, नवे कपडे देतो, आणि आडी सरली की नवरा येऊन बायकोला घेऊन जातो. कुणी ठरवून दिले ते ठाऊक नाही, पण असेच चालत आले होते.

रघोजीनेही बोलावले होते. कपडेही दिले होते. आणि पानावर चित्रान्न वाढले जात असताना, चार नातेवाइकांसमोर म्हणाला होता, "तुमच्या खांबास कोंबडी टेकली तर कोंबडीवर खटला होईल." सगळे हसले. गणेशकुमार अर्धे जेवण टाकून उठला, हात धुतले, लावण्याकडे एकदा पाहिले आणि मोटारसायकल काढून निघून गेला. त्यानंतर त्याचा निरोप नाही, की कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर फोन नाही. आडी संपायला आता थोडेच दिवस उरले होते.

"ये, ये," रघोजीने तिला हाक मारली. "पाहा तुझ्या नवऱ्याचे कर्तृत्व. एका वाऱ्यात असके, एकूण एक, आडवे."

लावण्याने रांगेकडे पाहिले. मग डबा सावलीत ठेवला आणि पान मांडले.

"अप्पा, त्यांच्याकडे एकदा जाऊन या."

"कोण? मी?"

"एक शब्द बोला. जेवताना बोललो ते मनात ठेवू नका, एवढेच. मग ते येतील."

"मुलीच्या बापाने जाऊन पाय धरायचे? आणि कुणाचे, तर या काड्या रोवणाऱ्याचे?"

"नाही आले तर?"

"नाही येत म्हणजे? बायको ठेवून जातो कोठें? आणि नाही आला तर मज काय, तू जड नाहीस."

लावण्या वाढत राहिली. ताकाचे भांडे तिने जरा जोरातच खाली ठेवले. आपण जड आहोत की नाही हे तिने विचारलेच नव्हते. पण रघोजीला आपले बोलणे मोठ्या मनाचे वाटले, आणि तो समाधानाने जेवला.

त्या दिवसापासून त्याने कामाची घाई केली. या माळावर आपले दगडी खांब डौलात उभे राहावेत, येणाऱ्या-जाणाऱ्याने पाहावेत, ती बातमी तिरुवैयारापर्यंत जावी, आणि आवणीत जाळीवाला खाली मान घालून दारात यावा, असा त्याचा बेत होता. मजूर खणू लागले. दीड हातावर पहार ठणकन वाजली. खाली जांभ्याचा थर लागला होता.

"मेस्त्री, फोडायचा?" मजुराने विचारले.

रघोजीचे सगळे आयुष्य कावेरीकाठच्या मळईच्या मातीत गेले होते. तिथे पहार नुसती सोडली तरी हातभर आत जाते. जांभा फोडायचा म्हणजे प्रत्येक खड्ड्याला अर्धा दिवस. त्याने जुन्या तुटक्या बुंध्यांकडे पाहिले. ते किती खोल गेले आहेत हे एक उपटून पाहिले असते तर कळले असते. पण त्या पोराची मुळे खणून पाहायची म्हणजे त्याच्याकडून शिकायला गेल्यासारखे झाले असते.

"नक्को. काळा दगड आहे तो, त्याचे वजनच पुरे. पळून जातोय होय?"

खांब उभे राहिले. दिसायला सुरेख दिसत होते, यात शंका नाही. तारा ओढल्या, झाप बांधले, आणि संध्याकाळी रावांनी रस्त्याच्या पलीकडे उभे राहून पाहिले, तर आतले काही दिसत नव्हते. ते खूश झाले. रघोजीने कोपऱ्यातल्या सिमेंटच्या खांबाला जाता जाता चापट मारली, गुराच्या पाठीवर मारावी तशी.

त्या रात्री वारा सुटला. तंजावुरातल्या गल्लीतसुद्धा कौले वाजत होती. रघोजी पडल्या जागी ऐकत राहिला आणि उजाडताच काही न खाता टीव्हीएस मोपेडवर बसून माळावर आला.

एकही खांब तुटला नव्हता. तुटायला बुंधे जमिनीत अडलेच नव्हते. सगळे दगडी खांब बुंध्याची माती उचकटून, झापांसकट, तारांसकट पूर्वेकडे कलंडून आडवे झाले होते. आणि उत्तरेच्या कोपऱ्यात, पडलेल्या तारांची सगळी ओढ एकट्याने सोसत, गणेशकुमारचा खांब उभा होता. तसूभरही कलला नव्हता.

रघोजीने गाडी तिथेच टेकवली. मग त्याने तारा कापल्या, पहार घेतली आणि त्या खांबाचा बुंधा खणायला लागला. राव-राजमबाई दहाच्या बसने येतील, त्याआधी हाही आडवा पाहिजे. सगळेच पडले तर तो वारा. एक राहिला तर ती आपली लाज. हे गणित त्याला वाटेतच सुचल्यासारखे सोपे वाटले.

खणणे मात्र सोपे नव्हते. टेकू काढले, वीतभर माती निघाली, हातभर निघाली, दीड हातावर जांभा लागला. खांब त्या जांभ्यात शिरून खाली गेला होता. भोवती सिमेंट आणि खडी अशी कोंबून भरली होती की पहारीचे टोक घसरत होते. कुणीतरी इथे बसून अर्धा दिवस जांभा फोडला होता. रघोजीला घाम फुटला. त्याने शिवी दिली, पण ती नेमकी कुणाला द्यायची हे न ठरल्यामुळे ती अर्धीच राहिली.

"अप्पा."

लावण्या डबा घेऊन उभी होती. उपाशी निघून गेलेल्या बापामागे ती पहिल्या बसने आली होती. तिने आडव्या पडलेल्या रांगेकडे पाहिले, कापलेल्या तारांकडे पाहिले, खड्ड्याकडे पाहिले.

"हा त्यांचा ना?"

"हालला होता," रघोजी म्हणाला. "रात्रीच्या वाऱ्याने. काढलेला बरा."

लावण्याने डबा खाली ठेवला. ती पुढे आली, दोन्ही तळवे खांबाला लावले आणि सगळे अंग टाकून ढकलले. मग दुसऱ्या बाजूने जाऊन ढकलले. खांब हलला नाही. हाताला लागलेली धूळ तिने झटकली.

ती काही बोलली असती तर रघोजीजवळ उत्तरे होती. तो जन्मभर उत्तरे देत आला होता. पण तिने फक्त त्याच्याकडे पाहिले, आणि तिच्या डोळ्यांत रागही नव्हता. रघोजी ज्या नजरेने पडके खांब पाहत असे, तीच नजर होती ती. त्याला लाज वाटली, आणि पोटच्या पोरीपुढे लाज वाटावी याचा संताप आला.

"डब्यात इडली आहे," ती म्हणाली. "खाऊन घ्या."

आणि ती रस्त्याकडे चालू लागली.

"कोठें निघालीस? घरास जायची बस त्या अंगास थांबते."

"ठाऊक आहे. तीच धरते. तेथून तिरुवैयाराची."

"आडी आहे अजून," रघोजी ओरडला. वाऱ्यामुळे त्याला ओरडावेच लागले. "न्यायला कुणी आले नाही. अशी जाशील तर लोक काय म्हणतील? ते घरात घेतील तुज?"

लावण्या थांबली. वळली.

"ते ठाऊक नाही, अप्पा. जाऊन पाहते."

वल्लमकडून बस आली. लावण्या होती तशीच, अंगावरच्या लुगड्यानिशी चढली. हातात पिशवीसुद्धा नव्हती.

रघोजी खड्ड्याच्या काठावर बसून राहिला. डबा त्याने उघडला नाही. वारा पडत चालला होता आणि एक सुटलेला झाप रस्त्यावर मधूनमधून उचलला जात होता. बऱ्याच वेळाने कमानीपाशी दहाची बस थांबली. बाळकृष्णराव उतरले आणि कुंपणाची दशा पाहून जागच्या जागी खिळले. राजमबाई मात्र सरळ रघोजीपाशी आल्या.

"तुमची मुलगी दिसली की बसस्टँडात. तिरुवैयाराच्या गाडीत बसलेली. एकटीच."

"होय."

"आडीत? कुणी न्यायला आले नाही तरी?"

रघोजी उठला. उकरलेली माती त्याने पायाने खड्ड्यात लोटायला सुरुवात केली. थोडी लोटली की तो खांबाभोवती फिरून ती टाचेने दाबत होता. राजमबाईंनी पुन्हा तेच विचारले, तेव्हा त्याने खाली पडलेला एक टेकू उचलून त्यांच्या हातात दिला.

"एवढा धरा, अम्मा," तो म्हणाला. "होता तसा लावायचा आहे."