मखमलीची मागची बाजू

शिवणबाईनं मखमलीच्या घडीवर गुडघा रोवला आणि कात्री चालवली. धूळ उडाली. तोंड फिरवून ती शिंकली आणि पुन्हा कापायला लागली. फर्निचरवाल्याला रंगमंचाच्या जुन्या पडद्याचे चौकोनी तुकडे हवे होते, टेम्पोत कपाटं एकमेकांवर घासू नयेत म्हणून.

या थिएटरात तिचे हात कधी रिकामे राहिले नव्हते. नाटकं होती तेव्हा तिनं राजांचे अंगरखे शिवले. नाटकं बंद पडून सिनेमा आला, तेव्हा फाटक्या खुर्च्यांना खोळी घातल्या. पुढे लग्नाचा हॉल झाला, तर झालरी. आता फर्निचरचं दुकान. मालक बदलत गेले, तिची मशीन मात्र जिन्याखालीच राहिली. सून म्हणायची, आता पुरे करा. पुरे तर तिलाही झालं होतं, पण घरी बसून करायचं काय, ते कुणी सांगत नव्हतं.

दुपारी म्हातारा नट आला. एके काळी हे थिएटर त्याच्या नावावर भरायचं. पडदा कापायला काढल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं. आधी तो मालकाला भेटला; मालकानं चहा पाजला आणि हात जोडले. मग तो तिच्यापुढे येऊन उभा राहिला. या पडद्यासमोर आपण अख्खी हयात काढली, लोक उभं राहून टाळ्या वाजवायचे, असं बरंच काही बोलला. ती ऐकत होती, पण कात्री थांबली नव्हती.

"बाई, तुमचा हात तरी कसा धजावतो?"

"धजावायचं काय त्यात?" तिनं कापड पुढे ओढलं. "आमचे हे याचा दोर ओढायचे. तुम्ही टाळ्या घ्यायला जितक्यांदा बाहेर यायचात, तितक्यांदा हा उचलायचा आणि पाडायचा. खांदा त्यातच गेला. शेवटी शेवटी घास मी भरवायचे."

आवाजात राग नव्हता. रागवायलाही अंगात थोडं बळ लागतं.

बाजूला विकायच्या खुर्च्यांची रांग होती. नट फरशीवरच बसला. पडदा उलटा पसरलेला होता. त्याचं जाड अस्तर, अस्तरावर ठिगळं, ठिगळांच्या कडेनं तिचे बारीक टाके. ही बाजू त्यानं कधी पाहिलीच नव्हती. बऱ्याच वेळानं त्यानं कापडाची कड दोन्ही हातांनी धरली आणि ताणून ठेवली. कात्री सरळ जायला लागली.

असे कितीतरी तुकडे झाले. मालक एकदा डोकावून गेला.

"त्यांचं नाव काय होतं?" नटानं खाली बघतच विचारलं.

कितीतरी वर्षांत ते तिच्या तोंडून मोठ्यानं निघालं नव्हतं. तिनं सांगितलं.

त्यानं ते ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाहिलं, नवा संवाद पाठ करताना म्हणतात तसं.