झाडाचं नाव झाडाला परत

गावचं देऊळ मोडलं तर कारभारी कुसुएमोनचा फायदा दुहेरी होता. एक, जिल्ह्याच्या साहेबाची शाबासकी. लहान देवळांतले देव मोठ्या देवळात हलवा, असा सरकारचा हुकूमच होता. आणि दुसरा, देवळाभोवतीची कापराची झाडं. त्यांच्यावर व्यापाऱ्यानं आगाऊ पैसे दिले होते आणि कारभाऱ्यानं त्यातून घरावर नवी कौलंही चढवली होती. तोटा काय तो देवाचा, आणि देव काही अर्ज घेऊन कचेरीत येत नाही.

पुजाऱ्यानं देवाचा आरसा, तीच तिथली मूर्ती, पेटीत घालून डोंगरापलीकडे नेला. गाव मुकाट्यानं मागे चाललं. टोफू विकणारी कुसुए म्हातारी तेवढी गेली नाही. तिचं नातं पेटीशी नव्हतं, देवळाभोवतीच्या कापरांतल्या थोरल्या झाडाशी होतं. जन्मली तेव्हा ती जगेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. आईनं तिला त्या झाडाच्या ओटीत घातलं आणि झाडाचं नाव, 'कुसु', लेकीसाठी मागून घेतलं. पोर जगली. देऊळ उभं राहण्याच्याही आधीपासून गावात हीच रीत. निम्म्या गावाच्या नावात कुसु होतं. कारभाऱ्याच्याही.

धाकटी दोन झाडं पडली आणि पुढच्या आठवड्यात थोरल्याची पाळी होती. कुसुए सकाळीच कचेरीत जाऊन उभी राहिली.

"कारभारी, माझं नाव काढून टाका."

म्हातारे, डोकं फिरलं का तुझं, असं कारभाऱ्यानं विचारलं.

"मागून आणलेलं आहे. धन्यालाच कापताय, तर त्याचं त्याला परत नको करायला? उद्यापासून मला नुसतं 'अगं ए' म्हणा."

मागे रांग लागली होती. बुरूड कुसुमात्सु होता, तान्ह्या लेकीला घेऊन आलेली कुसुनो होती, आणि रांगेचं शेपूट पार रस्त्यावर गेलं होतं. कारकून म्हणाला, नाव बदलायला जिल्ह्याची परवानगी लागते, कारणही लिहावं लागतं.

"मग लिही की," कुसुए म्हणाली, "नाव देणारा कारभाऱ्यानं विकला."

कारकुनाचं नाव कुसुजिरो. त्यानं एकदा कारभाऱ्याकडे पाहिलं आणि लिहायला घेतलं.

"तुमचाही अर्ज लिहून घेऊ का, कारभारी? रांगेत मात्र मागे उभं राहावं लागेल."

कारभाऱ्यानं पोलीस बोलावला. म्हातारीला धरून नेलं, पण रांग हलली नाही. अर्जांचा गठ्ठा जिल्ह्याला गेला. अख्खं गाव बिननावाचं का व्हायला निघालंय, असं साहेबानं विचारलं आणि चौकशी होईपर्यंत तोड थांबवली. चौकशी लांबत गेली. व्यापारी कंटाळला आणि आगाऊ रक्कम परत मागू लागला.

थोरलं झाड उभं राहिलं. ती रक्कम कारभाऱ्यानं स्वतःचं शेत विकून फेडली. कुसुएनं कोठडी भोगली. तेवढ्या दिवसांत घरी भिजत घातलेलं सोयाबीन नासलं, तो तोटा तिचा तिलाच सोसावा लागला. गाव मात्र अजून भरतंय: एक वर्गणी सरकारी हुकमानं डोंगरापलीकडच्या देवळाला आणि एक, कुणी न मागता, इथल्या मोडलेल्या देवळाच्या रिकाम्या जोत्याला. पहिली दरवर्षी थकते. दुसरी आजवर कुणी बुडवलेली नाही.